थारचे टायर घरीच फिरवताना

भावा, टायर फिरवायचे म्हणजे त्यांच्या जागा आपसात बदलायच्या. आधी काम कुठं करणार ते बघ, जागा पक्की आणि सपाट पाहिजे. पावसात भिजलेल्या मातीत जॅक रुततो. हँडब्रेक मागच्याच चाकांवर लागतो, म्हणजे मागची बाजू उचलली की त्याचा भरवसा संपला. गिअरवरही विसंबू नकोस, उघड्या डिफरेन्शियलमुळे (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा गिअरसंच) हवेतलं चाक फिरतं नि गाडी सरकते. म्हणून जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लाव. नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल कर. नुसत्या जॅकवर काम नको, स्टँड हवाच.

स्टेपनी त्याच मापाची आणि त्याच पॅटर्नची असेल तर पाचही टायर फिरव: मागचे सरळ पुढे, पुढचा उजवा मागे डावीकडे, पुढचा डावा स्टेपनीला, स्टेपनी मागे उजवीकडे. बाजूवर बाण असलेले टायर मात्र डावीकडून उजवीकडे किंवा उलट न्यायचे नाहीत.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं हबकडे, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाकडे. गगनबावड्याची लाल माती तिथं वाळून बसते. चाक त्या थरावर घट्ट होतं, माती झडली की नट ढिले. तारेच्या ब्रशनं हब आणि रिमची आतली बाजू घास. बोल्टाला ग्रीस नको, त्यानं नट गरजेपेक्षा जास्त आवळला जातो. नट हातानं बसव, मग समोरासमोरचे आवळ. शेवटचा ताण चाक टेकल्यावर, टॉर्क रेंचनं (ताण मोजून आवळणारा पाना), पुस्तिकेतल्या आकड्याइतका. शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपास.

पुढचा टायर एकाच कडेला झिजला असेल तर आधी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन तपासून घे.