खण म्हणजे काय, सई?

प्रिय सई,

काल फोनवर आजी म्हणाली, "आमचं घर पाच खणांचं," आणि फोन ठेवल्यावर तू मला विचारलंस, "एवढ्या मोठ्या घरात पाचच ड्रॉवर?" त्यातून आजीने पार्सलमध्ये तुझ्या पोलक्यासाठी धाडलेलं कापड, तोही खणच. पोळ्या लाटता लाटता दोन वाक्यांत सांगण्यासारखं हे नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

आमचं बार्शीकडचं घर माळवदाचं होतं. कौलं नाहीत, पत्रा नाही. वर सपाट, मातीचं छत. खाली दगडी तळखडे, तळखड्यांवर लाकडी खांब, खांबांवर तुळया. एका तुळईवरून दुसऱ्या तुळईवर आडव्या कड्या टाकायच्या, त्यांवर फळ्या, आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. दोन तुळयांमधली ही जी जागा, तिला म्हणतात खण. कडी जेवढी लांब तेवढाच खण रुंद. त्याहून ताणली तर मातीच्या वजनानं ती वाकणार. म्हणजे घराचं माप लाकूड ठरवायचं, आणि घर मोठं करायचं तर शेजारी आणखी एक खण काढायचा. खोल्या किती हे कुणी विचारतच नसे. खण किती, एवढंच.

वाटणीसुद्धा खणांवरच झाली. माझ्या आजोबांकडे तीन खण आले, त्यांच्या धाकट्या भावाकडे दोन. मधल्या खणातला मोठा दरवाजा आमच्याकडे राहिला. त्यांना बाजूनं नवं दार फोडावं लागलं. तिसऱ्या आणि चौथ्या खणाच्या मधोमध भिंत उभी राहिली, ती नेमकी खांबांच्या ओळीत. त्यामुळे प्रत्येक खांब अर्धा आमच्या घरात, अर्धा त्यांच्या. दुपारी सगळे निजले की मी आमच्या बाजूनं खांबावर उलथन्याच्या दांड्यानं दोनदा ठोकायचे आणि पलीकडून ताई तीनदा ठोकायची. तिला तेव्हाही कळायचं, मी आहे म्हणून.

पुण्याला तू शनिवारवाडा पाहिलास. १७३२ मध्ये त्याची वास्तुशांत झाली आणि १८२८ च्या आगीत आतल्या इमारती गेल्या. पण दिल्ली दरवाज्यावरचा नगारखाना अजून उभा आहे, लाकडी खांबांसकट. पुढच्या वेळी खालून त्याचे खण मोजू.

आता ड्रॉवर. टेबलात, कपाटात दोन फळ्यांमध्ये जी बांधलेली जागा असते तोही खण, घरातल्यासारखाच, फक्त लहान. कापडाचं म्हणशील तर एका चोळीला पुरेल एवढा तुकडा म्हणजे खण. गुळेदगुड्डचे खण प्रसिद्ध आहेत. ते गाव कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे, पण तिथला खण आपल्याकडे ओटीत पिढ्यान्‌पिढ्या पडत आला आहे. मला तरी या तिन्हींत एकच गोष्ट दिसते: दोन कडांमध्ये नेमकी बसणारी, मोजून घेतलेली जागा. (जमीन खणतो ते खणणं मात्र वेगळं, त्यात गल्लत करू नकोस.)

आणि तुला तर हे माझ्याआधी कळायला हवं होतं! शाळेत तुझ्या वह्या ठेवायचा कप्पा असतो, त्याला तुम्ही जर्मनमध्ये फाख म्हणता ना? इथे जर्मनीत, एसलिंगेन गावातल्या हाफेनमार्कट चौकात चौदाव्या शतकातली लाकडी घरं आहेत, त्या बांधणीला म्हणतात फाखवेर्क. लाकडांच्या मधला मातीनं भरलेला चौकोन म्हणजे गेफाख. बार्शीच्या आणि इथल्या सुतारांची कधी गाठ पडली नसेल, तरी दोघांच्या भाषेत घराचा भाग आणि कपाटाचा कप्पा एकाच शब्दात राहतात. हे कळलं तेव्हा मी रस्त्यातच थांबले होते.

रविवारी तिकडे जाऊ. एका घराचे खण तू मोज आणि आजीला फोन करून सांग.

तिनं पाठवलेला खण तुझ्या टेबलाच्या वरच्या खणात ठेवला आहे. तिनं त्रिकोणी घडी घातली आहे, ती मोडू नकोस.

तुझी,
आई