रेघा, कॅप्सूल आणि काळी पट्टी
वाचकांचे प्रश्न : निन्टेंडोच्या जुन्या गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रावरचे नेमबाजीचे खेळ

प्रश्न : १९९० चा 'नेमेसिस' मूळ राखाडी गेम बॉयवर खेळतो. शस्त्रं भरलेली असली की यान झकास चालतं, पण एकदा फुटलं की उरलेली सगळी लाइफ तिथेच जातात. काय चुकतंय?

उत्तर : खेळच तसा रचलेला आहे. 'नेमेसिस' हा कोनामीच्या 'ग्रेडियस' घराण्यातला. यान फुटलं की कमावलेलं सगळं जातं आणि मुंगीच्या वेगाचं, एकच गोळी सोडणारं यान हाती येतं. शत्रू मात्र पहिल्याइतकेच येतात. म्हणून मेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सहा कॅप्सूलचा (शत्रू मारल्यावर मिळणाऱ्या, शस्त्रं देणाऱ्या गोळ्यांचा) हिशेब आधीच ठरवून ठेवावा लागतो.

पडद्याच्या तळाशी असलेली शस्त्रांची पट्टी अशी सरकते : वेग, मिसाइल, डबल (एक गोळी सरळ, एक तिरपी वर), लेझर, ऑप्शन (यानासोबत चालणारा जोडीदार गोळा) आणि शेवटी '?', म्हणजे ढाल. एक कॅप्सूल घेतली की एक घर पुढे. बटण दाबलं की उजळलेलं घर मिळतं आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पहिली कॅप्सूल डोळे मिटून वेगावर घाला. लगेच दुसरी मिळाली तर तीही. तिसरी नको. १६० बाय १४४ ठिपक्यांच्या पडद्यावर तीन वेगांचं यान अंगठ्याचा नुसता स्पर्श झाला तरी भिंतीवर जाऊन आदळतं. बहुतेकांची लाइफ मंद यानामुळे जितकी जातात, तितकीच या हावरेपणामुळेही जातात.

त्यानंतर जमिनीवर तोफा असतील तर दोन कॅप्सूलवर मिसाइल घ्या, कारण ती जमिनीला टेकून सरपटत जाते आणि खालचा बंदोबस्त आपोआप होतो. जमीन मोकळी असेल तर पाच कॅप्सूल साठवून ऑप्शन घ्या. लेझरच्या आधी ऑप्शन हे आमचं ठाम मत. हातात जे शस्त्र आहे तेच ऑप्शनही झाडतो, त्यामुळे साधी गोळीसुद्धा दुप्पट होते. तो यानाच्या मागच्या वाटेने चालतो आणि यान थांबलं की तोही आहे तिथे थांबतो. त्यामुळे थोडं वर जाऊन थांबलात तर तो खाली राहतो आणि दोन रांगा एकदम झाकल्या जातात. डबल आणि लेझर मात्र एकत्र नांदत नाहीत : एक घेतलं की दुसरं गेलं.

ढाल असेल तेव्हा पट्टी '?' वर आणून तशीच ठेवा आणि ढाल संपताक्षणी बटण दाबा. फक्त या काळात समोर आलेली कॅप्सूल चुकवायची, नाहीतर पट्टी पुन्हा 'वेग'वर जाऊन बसते. कॅप्सूल चुकवायला शिकणं हे या खेळातलं अर्धं शिक्षण आहे.

सरावासाठी खेळ सुरू होण्याआधीच्या पडद्यावर स्टेज निवडता येते आणि लाइफ ९९ पर्यंत वाढवता येतात. जी स्टेज अडवते, ती थेट निवडा. तयार शस्त्रं नसतात, त्यामुळे मेल्यानंतरच्या परिस्थितीचाच सराव होतो.

प्रश्न : शत्रू जास्त झाले की काही आकृत्या लुकलुकतात आणि खेळ मंदावतो. यंत्र म्हातारं झालंय का?

उत्तर : नाही, नवं कोरं असतानाही ते असंच वागत होतं. गेम बॉय एका आडव्या ओळीत फक्त १० हलत्या आकृत्या दाखवू शकतो आणि पूर्ण पडद्यावर ४०. एक आकृती ८ ठिपके रुंद, म्हणजे १६ ठिपक्यांचं यान दोन जागा खातं. ओळीत अकरावी आली की ती दिसत नाही. म्हणून खेळ लिहिणारे पाळी फिरवत ठेवतात आणि आपल्याला लुकलुक दिसते. गोळी दिसेनाशी झाली तरी लागते, हे ध्यानात असू द्या. गर्दीच्या ओळीत यान ठेवू नका, वर किंवा खाली सरका.

मंदावणं वेगळं. प्रोसेसर सुमारे ४.१९ मेगाहर्ट्‌झचा. एका चित्राचं काम वेळेत उरकलं नाही की पुढचं चित्र उशिरा येतं. १९९८ च्या गेम बॉय कलरवर लावूनही हे जात नाही, कारण जुन्या कार्ट्रिजला (यंत्रात घालायच्या खेळाच्या डबीला) तिथे जुनाच वेग मिळतो. त्या पडद्यावर गोळ्यांमागची धुरकट शेपटी मात्र कमी होते. मूळ यंत्रावर ती कमी करायची तर डावीकडचं कॉन्ट्रास्टचं चाक गोळ्या नीट दिसतील इतपत फिकट करा आणि दिवा खांद्यामागून येऊ द्या. या पडद्याला स्वतःचा उजेड नसतो.

प्रश्न : पडद्यावर चार उभ्या रेघा कायमच्या कोऱ्या आहेत. नेमक्या तिथूनच गोळ्या गायब होतात.

उत्तर : काच सहसा शाबूत असते. काचेच्या खालच्या कडेची पातळ पट्टी बोर्डाला जिथे जोडलेली असते, तो जोड सुटतो. मागचे सहा तीनपाती स्क्रू काढा (दोन सेलच्या खोलीत असतात). दोन्ही अर्धे जोडणारी केबल ओढू नका, सरळ धरून सोडवा. पुढचा बोर्ड काढला की काचेच्या खाली रबरी पट्टी दिसेल. ती हलकेच उचला. केबल परत लावून यंत्र चालू करा आणि जोडावर बोटाने दाबा. रेघ क्षणभर परतली तर निदान पक्कं. मग सोल्डरिंग आयर्न शक्य तितक्या कमी तापमानावर ठेवून जोडावरून एका दिशेने फिरवा, एका जागी सेकंदाहून जास्त नको. काचेला टोक लागलं तर वरचा पापुद्रा जळतो आणि तो डाग जात नाही. रेघा आडव्या असतील तर या उपायाच्या वाटेला जाऊ नका, तो जोड बाजूला असतो आणि बरा होणं अवघड.

प्रश्न : चालू केल्यावर कंपनीच्या नावाऐवजी काळी पट्टी उतरते आणि पुढे काहीच होत नाही.

उत्तर : ते नाव यंत्र कार्ट्रिजमधून वाचतं आणि आतल्या प्रतीशी ताडून पाहतं. जुळलं नाही की तिथेच थांबतं. काळी पट्टी म्हणजे काहीच वाचता आलं नाही. नाव विस्कटलेलं दिसलं तर अर्धवट वाचलं गेलं. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन कार्ट्रिजचे सोनेरी दात पुसा, काडी काळी येणं थांबेपर्यंत. पूर्ण वाळू द्या, मग दोन-तीनदा घालून काढा. फुंकर मारू नका, ओलाव्याने दात गंजतात. सँडपेपर तर मुळीच नको.

प्रश्न : गोळीचं बटण जोरात दाबावं लागतं. नवं रबर घालू का?

उत्तर : आधी साफ करा. बोर्डावरचे बटणाखालचे काळे ठिपके अल्कोहोलने पुसा. रबराच्या टोकावरचा कार्बन मात्र नुसता टिपा, घासलात तर निघून येईल. आणि बटण सतत बडवायची गरज आहे का तेही पाहा. अशा बहुतेक खेळांत पडद्यावर एका वेळी मोजक्याच गोळ्या राहू शकतात. शत्रू जवळ असला की गोळी लवकर लागून संपते आणि पुढची लगेच सुटते; लांबून कितीही बडवलंत तरी मधली दाबणी वाया जाते.

प्रश्न : चार्ज होणारे सेल चालतील?

उत्तर : चालतील. चार एए मिळून ६ ऐवजी ४.८ व्होल्ट येतात, तेवढ्यावर भागतं. लाल दिवा फिकटला की थांबा. अडॅप्टर लावायचा तर तो ६ व्होल्टचा हवा, आणि धन-ऋण कुठे आहे ते सॉकेटजवळच्या खुणेशी जुळवल्याशिवाय लावू नका. महिनाभर खेळायचं नसेल तर सेल काढून ठेवा.