मनी गोधडी तिंबते? तिंबू द्या
जळगावच्या ताई, तुमची मांजर मनी पंज्यांनी गोधडी तिंबत बसते म्हणून घाबरू नका, तिला काही झालेलं नाही. पिल्लं आईच्या पोटावर पंजे दाबतात तेव्हा दूध उतरतं. ती सवय मोठेपणीही राहते. शिवाय पंज्यांत गंधग्रंथी असतात, म्हणजे गोधडीवर तिने आपला हक्क सांगितला समजा! नखं रुतली म्हणून ओरडू नका, ढकलू तर अजिबात नका. जळगावच्या उन्हाळ्यात मांडीवर गोधडी कोण घेणार? नखं टोचू नयेत म्हणून जुन्या सुती लुगड्याची चौपदरी घडी ठेवा. नखांचं फक्त टोक कापा, आतल्या गुलाबी भागात रक्तवाहिनी असते. आणि गोधडी चोखत असेल तर सुटलेले दोरे आधी कापून टाका. दोरा गिळला तर आतड्यात अडकू शकतो. तोंडातून लोंबत असला तरी ओढू नका, थेट पशुवैद्य गाठा.