कंपनीच्या चौकशीत तुमचं वर्ष संपत चाललंय

घरगुती पार्ट्यांमधून एका कंपनीची सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्याच कंपनीची दुसरी कन्सल्टंट, म्हणजे विक्रेती, पाहुणी म्हणून त्यांच्या पार्टीत आली. नाव-नंबर लिहिण्यासाठी वही फिरत होती, तिचे तिने फोटो काढले आणि नंतर त्या बायकांना एकेक करून फोन केले. पुढे महिलांच्या एका मोठ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिने लिहिलं की या बाई मुदत संपलेल्या मालावरची तारीख खोडून विकतात आणि कंपनीने यांना काढून टाकलं आहे. ठरलेल्या पार्ट्या रद्द झाल्या. ताईंच्या टीममधल्या, म्हणजे त्यांच्या हाताखाली विक्री करणाऱ्या, दोघी तिच्याकडे गेल्या. ताईंनी अपलाइनला, म्हणजे साखळीत त्यांच्या वर असलेल्या विक्रेतीला, सांगितलं, अपलाइनने कंपनीला कळवलं, आणि कंपनी म्हणते चौकशी चालू आहे. या सगळ्याला आता दहा महिने झाले. ताई विचारतात: तिला माझ्या भागात पार्ट्या घ्यायला बंदी घालता येईल का, माझे ग्राहक परत मिळतील का, कंपनी भरपाई देईल का, पोलिसांत जाऊ का?

ताई, हे चारही प्रश्न क्षणभर बाजूला ठेवा. तो ग्रुपवरचा मेसेज नेमका कोणत्या तारखेचा आहे, ते आधी बघा. तुमच्या पत्रात ती तारीख नाही, 'साधारण दहा महिन्यांपूर्वी' एवढंच आहे. तुमच्या प्रकरणाचा निकाल त्या तारखेवर ठरणार आहे.

लेखी बदनामीबद्दल नुकसानभरपाईचा दिवाणी दावा मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत दाखल करावा लागतो. मुदतीच्या कायद्यात, म्हणजे परिसीमा अधिनियम, १९६३ मध्ये, अनुच्छेद ७५ नुसार ही मुदत आहे. तोंडी बदनामीसाठी अनुच्छेद ७६, तिथेही वर्षच. करारभंगाच्या दाव्याला तीन वर्षं मिळतात आणि लोक तेच आकडे डोक्यात धरून बसतात. बदनामीला तेवढा अवधी नाही.

आणि ही मुदत थांबत नाही. तुम्ही अपलाइनला फोन केलात म्हणून थांबली नाही, कंपनीने 'बघतो' म्हटलं म्हणून थांबली नाही, वकिलाची नोटीस पाठवलीत तरी थांबणार नाही. अधिकारक्षेत्र नसलेल्या न्यायालयात प्रामाणिकपणे प्रकरण चालवण्यात गेलेला काळ कलम १४ खाली वगळून मिळतो, पण कंपनीची आचारसंहिता समिती हे न्यायालय नव्हे. उशीर माफ करण्याची सोय कलम ५ मध्ये आहे, ती अपिलांना आणि अर्जांना आहे, दाव्यांना नाही. कोविडच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने मुदतीतून जो कालावधी वगळला होता, तो २८ फेब्रुवारी २०२२ ला संपला. अजूनही लोक त्याचा आधार मागत येतात, म्हणून सांगितलं. आणि समोरच्या बाईने मुदतीचा मुद्दा काढलाच नाही, तरीसुद्धा कलम ३ प्रमाणे मुदतबाह्य दावा फेटाळणं न्यायालयाला भाग आहे.

तुम्ही लिहिता, 'मेसेज अजून ग्रुपवर तसाच आहे, म्हणजे बदनामी रोज चालूच आहे ना?' हा युक्तिवाद न्यायालयांपुढे होऊन गेलेला आहे. फेसबुकवरच्या मजकुराच्या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो नाकारला: मजकूर पहिल्यांदा प्रसिद्ध झाला, तेव्हापासून मुदत मोजायची, तो नंतर तिथे पडून आहे म्हणून रोज नवी मुदत मिळत नाही. तिने तोच मजकूर नंतर दुसऱ्या ग्रुपवर नव्याने टाकला असेल, तर त्याची मुदत वेगळी मोजावी असं म्हणता येईल. तसं काही घडलं असेल तर शोधा. पण त्यावर विसंबून पहिली तारीख घालवू नका.

मला राग याचा येतो की असंच पत्र मला पुन्हा पुन्हा येतं. कधी विमा एजंट असते, कधी शिकवणी घेणारी, कधी पार्लर चालवणारी. प्रत्येकीला वाटतं, वरचे लोक आधी निर्णय देतील, मग बघू. वरच्या लोकांना घाई का असेल? दोन्ही कन्सल्टंट त्यांचाच माल विकतात. एकीची विक्री दुसरीकडे गेली, तरी कंपनीच्या खात्यात ती तेवढीच राहते. तुम्ही दहा महिने फोनवर बोलत राहिलात आणि पत्रासोबत कंपनीला पाठवलेला एकच ईमेल जोडलात, तोही तीन ओळींचा आणि त्यातही मेसेजची तारीख नाही. हे तुम्हाला बोल लावायला म्हणत नाही. उरलेले दिवस तरी असे जाऊ नयेत, म्हणून म्हणते.

आता नोटिशीबद्दल. खासगी व्यक्तीविरुद्ध बदनामीचा दावा करण्याआधी नोटीस देणं सक्तीचं नाही. हातात महिना-दीड महिना असेल तर सात दिवसांची नोटीस द्या: मेसेज मागे घ्यावा, त्याच ग्रुपवर लेखी खुलासा आणि माफी द्यावी. बऱ्याच बायकांना हवं असतं ते तेवढंच, आणि मिळालं तर उत्तमच. पण नोटिशीला उत्तर, उत्तराला प्रत्युत्तर, मग 'मध्यस्थ बसवू या', या चक्रात पडू नका. बोलणी दावा दाखल झाल्यावरही करता येतात, आणि तडजोड झाली तर दावा मागे घेता येतो. मुदत गेल्यावर मात्र तुमच्याकडे तडजोडीत सोडण्यासारखंसुद्धा काही उरत नाही.

दाव्यात काय लागेल? मेसेजमधले शब्द जसेच्या तसे, तारीख, वेळ आणि तो कोणी वाचला. तुम्ही स्क्रीनशॉट पाठवलात, त्यात वरची तारीख कापली गेली आहे आणि पाठवणारीच्या नंबराऐवजी तुम्ही सेव्ह केलेलं नाव दिसतं. शिवाय तुम्ही मधल्या काळात फोन बदललात. जुना फोन घरात असेल तर तो विकू नका, मुलांच्या हातात देऊ नका, रीसेट करू नका. चॅट जिथे आहे ते मूळ उपकरण सगळ्यात भक्कम पुरावा. ते नसेल तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्रासह प्रत द्यावी लागते, आणि त्या प्रमाणपत्रात आता फाइलचं हॅश मूल्यही, म्हणजे फाइलीत बदल झाला तर बदलणारा तिचा ओळख-क्रमांक, नोंदवावं लागतं. जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५ब खालचं प्रमाणपत्र, मूळ उपकरण हजर केलं नसेल तर, आवश्यकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात स्पष्ट केलं होतं. ग्रुपमधल्या ज्या दोघी-तिघी साक्ष द्यायला तयार आहेत, त्यांच्या फोनमध्ये मेसेज आहे का ते आजच बघून घ्या. अनेकांनी आपोआप पुसले जाणारे मेसेज चालू केलेले असतात.

तिने एकेकीला फोनवर जे सांगितलं, त्याचा दावाही याच वादपत्रात घेता येईल. मात्र तिथे सगळा भार ऐकणाऱ्या बाईच्या साक्षीवर पडतो, आणि अशा साक्षी वर्ष-दोन वर्षांनी किती टिकतात, याबद्दल मी आत्ता काही छातीठोकपणे सांगणार नाही.

एका गोष्टीवर मात्र मला तुमच्याशी स्पष्ट बोललं पाहिजे. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की 'दोन डब्यांवरची तारीख पुसट होती, पण माल चांगला होता.' ताई, दिवाणी दाव्यात सत्य हा पूर्ण बचाव आहे. ती बाई त्याच दोन डब्यांचे फोटो घेऊन उभी राहिली तर? म्हणून वकिलाकडे जाताना त्या काळातल्या सगळ्या खरेदीची बिलं, बॅच क्रमांक आणि कुणाला काय विकलं त्याची नोंद घेऊन जा. त्या दोन डब्यांबद्दलही वकिलाला सगळं खरं सांगा. ते कंपनीकडून तसेच आले असतील तर कंपनीला लेखी विचारा. 'कंपनीने काढून टाकलं' हे विधान तर कागदानेच खोटं ठरतं. तुम्ही तेव्हाही आणि आजही नोंदणीकृत विक्रेत्या आहात, असं एका ओळीचं पत्र कंपनीकडून घ्या. दुसरीला शिक्षा करा म्हणून दहा महिने मागे लागलात, त्यापेक्षा हे पत्र तुमच्या जास्त कामाचं आहे, आणि ते द्यायला कंपनीला कसली चौकशीही लागत नाही.

आता तुमचे चार प्रश्न.

भागाची बंदी आणि ग्राहक. तुमचा कंपनीशी झालेला करार उघडा आणि नेमणुकीचं कलम वाचा. बहुतेक थेट विक्रीच्या करारांत लिहिलेलं असतं की ही नेमणूक एकमेव नाही आणि कोणत्याही विक्रेत्याला कुठलाही भाग राखून दिलेला नाही. तुमच्या करारात तसं असेल, तर 'माझा भाग', 'माझे ग्राहक' हे शब्द कायद्यापुढे फार काळ उभे राहत नाहीत. आचारसंहितेत दुसऱ्याच्या पार्टीत जाऊन ग्राहक फोडू नयेत असा नियम असला, तरी तो नियम तिने कंपनीला दिलेलं वचन आहे, तुम्हाला नव्हे. तो मोडल्याबद्दल कारवाई करायची तर कंपनीने करायची. ती कमी भावात विकत असेल, तर त्याचंही तेच.

वहीबद्दल. ग्राहकांची यादी गोपनीय असू शकते आणि ती चोरल्याबद्दल न्यायालयांनी मनाई हुकूम दिलेले आहेत. पण तुमची वही हातोहात सगळ्या पाहुण्यांमध्ये फिरली. जी गोष्ट आपण स्वतः गुप्त ठेवली नाही, तिच्या गुप्ततेचा हक्क मागणं अवघड. उलट डिसेंबर २०२१ मध्ये लागू झालेल्या ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियमांनी ग्राहकांची संवेदनशील वैयक्तिक माहिती जपण्याची जबाबदारी विक्रेत्यावरही टाकली आहे. पुढच्या पार्टीपासून प्रत्येकीचा नंबर स्वतः लिहून घ्या, वही फिरवू नका.

टीममधून गेलेल्या दोघी: करार मोडायला लावल्याबद्दल भरपाईचा दावा असतो, त्यालाही अनुच्छेद ७८ प्रमाणे एकच वर्ष. पण त्या दोघींचा करार तुमच्याशी होता की कंपनीशी? कंपनीशी असणार. मग हा दावा तुमचा होत नाही. त्यात वेळ घालवू नका.

कंपनीकडून भरपाई मिळेल का, हे करार पाहिल्याशिवाय मी सांगू शकत नाही. लवादाचं कलम, म्हणजे वाद न्यायालयाऐवजी लवादापुढे न्यायचा अशी अट, असण्याची शक्यता बरीच आहे. थेट विक्री नियमांतली तक्रार निवारणाची यंत्रणा मुख्यतः ग्राहकांसाठी आहे, तुम्ही तिथे विक्रेत्या आहात. कंपनीविरुद्धचा मुद्दा करारभंगाचा असेल तर तिथे तीन वर्षं आहेत, म्हणजे तो थोडा थांबू शकतो.

पोलिसांचं. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खालचा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. तो अदखलपात्र आहे, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. पोलीस एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची साधी नोंद, करून घेतील आणि दंडाधिकाऱ्यांकडे जायला सांगतील. फौजदारी तक्रार तुम्हालाच दंडाधिकाऱ्यांपुढे करावी लागेल. तिची मुदत तीन वर्षं आहे, म्हणून दिवाणी वर्ष हुकलं तरी हा रस्ता बंद होत नाही. पण त्यातून तुमचं बुडालेलं उत्पन्न भरून निघेल ही आशा धरू नका, आणि तारखांवर तारखा पडत राहतील याची तयारी ठेवा. तक्रार दाखल करून घेण्याआधीच आरोपीचं म्हणणं ऐकण्याची नवी पायरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, आली आहे, तिथेही महिने जातात. न्यायालयांच्या या संथपणाने माणसं थकतात आणि खरी प्रकरणं अर्धवट सोडून देतात, हे मी रोज पाहते आणि मला ते सहन होत नाही. तरीही सांगते: न्यायालयाला उशीर झाला तर तुमचा हक्क जात नाही, तुम्हाला उशीर झाला तर जातो.

तुम्ही ग्रुपवर तिला उत्तर दिलंत, त्यात 'चोर' आणि 'भामटी' हे शब्द आहेत. तो मेसेज आता पुसू नका, पुसलात तर लपवल्यासारखं दिसेल. पण त्यात भरही घालू नका. तिलाही तुमच्याविरुद्ध दावा करायला तेच एक वर्ष आहे, आणि तुम्ही नवा मेसेज टाकलात तर त्या मेसेजसाठी तिचं नवं वर्ष सुरू होईल.

शेवटी तुम्ही विचारलंय, वैतागून राजीनामा देऊ का. नोंदणीचं पत्र हातात येईपर्यंत देऊ नका. आज राजीनामा दिलात तर 'काढून टाकलं' या तिच्या विधानाला एक कागद तुम्हीच पुरवाल. पत्र मिळालं, दावा दाखल झाला, की मग कराराचं समाप्तीचं कलम वाचून ठरवा. उरलेला माल कंपनी कोणत्या अटींवर परत घेते, तेही त्याच कलमाच्या आसपास लिहिलेलं असतं.