आधी वाजव, मग शिकव

प्रिय मुली,

परवा तू माझ्या दाराबाहेर जिन्यावर वीस मिनिटं बसून होतीस, हे मला खालच्या मजल्यावरच्या काकूंकडून कळलं. आत त्या थोरल्या व्हायोलिनवर, माझ्या चेलोवर, स्केल्स म्हणजे सुरांची चढ-उतार चालली होती, म्हणून तू बेल वाजवली नाहीस. मग आत आलीस, चहा निवेपर्यंत इकडचं तिकडचं बोललीस आणि निघताना, पायात चपला सरकवता सरकवता, मनातलं सांगून टाकलंस : "शाळेची नोकरी घेते, वाजवायचं दोन वर्षांनी बघू." मला तेव्हा काही सुचलं नाही. रात्रभर मात्र तेच डोक्यात घुमत राहिलं, म्हणून हे पत्र.

नोकरी घे. त्यावर कागद वाया घालवत नाही. घरभाडं आहे, तारांचा एक बरा संच घ्यायचा तर हजारो रुपये जातात, बोचे, म्हणजे गजाचे, केस वेळच्या वेळी बदलावे लागतात. हे सगळं नुसत्या कार्यक्रमांवर भागवणारे चेलोवादक जगात बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे सगळे शिकवतात, आणि त्यात कमीपणा नाही हे तुला कळतं. माझं भांडण नोकरीशी नाही, त्या "दोन वर्षांनी"शी आहे.

माझ्या सरांबद्दल तुला मी तुकड्यातुकड्यांत सांगितलंय. गोव्यात चर्चच्या शाळेत सोल्फेजो, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, गिरवून मुंबईला आलेल्या पिढीतले ते. दिवसा स्टुडिओत हिंदी गाण्यांच्या रेकॉर्डिंगला, संध्याकाळी माहीमच्या खोलीत शिकवणी. आम्ही तिघं-चौघं बाकावर वाट बघत बसलेलो असायचो. सर आले की शर्टाच्या बाह्या दुमडायचे, जुन्या मऊ फडक्यानं तारा पुसायचे आणि आमच्याकडे न बघता बाखच्या सुइटमधला, म्हणजे नृत्यरचनांच्या मालिकेतला, एखादा संथ सराबांद वाजवायचे. पूर्ण. कुठे घसरलं तर ती ओळ परत. दिवसभर कुणाच्या तरी गाण्यामागे लांब सूर धरून थकलेले हात ते, पण त्या दहा मिनिटांत ते कुणाच्या मागे नसायचे. मी चौदा वर्षांची होते, आगाऊ होते. एकदा म्हटलं, "सर, आमची वेळ जाते." ते म्हणाले, "हीच तुझी वेळ. आत्ता शिफ्ट करताना, हात तारेवर सरकवताना, मी कोपर कधी हलवलं, सांग." मला सांगता आलं नाही. मी बघितलंच नव्हतं.

आधी वाजव, मग शिकव. सरांनी हे वाक्य कधी उच्चारलं नाही, ते माझं आहे. पण शिकवण त्यांची.

आणि मी ती मोडली. स्टुडिओत सिंथेसायझर आले, तंतुवाद्यांचे मोठे ताफे आटत गेले, माझी तुटपुंजी कामंही गेली. एका शाळेत जागा मिळाली. तिथल्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं की मुलांच्या ग्रेडच्या परीक्षा पार पडल्या पाहिजेत, तुमच्या कार्यक्रमांसाठी रजा मिळणार नाही. मी मान डोलावली. मलाही वाटलं होतं, दोनेक वर्षं. अकरा झाली. अकरा वर्षं मी मुलांच्या अर्ध्या आणि पाऊण मापाच्या चेलोंच्या खुंट्या पिळल्या, त्यांची बोटं खुणेच्या पट्ट्यांवर बसवली, आणि घरी माझा चेलो कपाटामागे उभा. निकाल उत्तम लागत होते, हे मुद्दाम सांगते. बाहेरून बघणाऱ्याला काहीच बिघडलेलं दिसत नव्हतं.

शेवटी चेलोची पेटी उघडली तो जुलै होता. खालच्या कडेचा सांधा वीतभर उकलला होता, तारा पेलणारा ब्रिज बोटं ठेवायच्या पट्टीकडे झुकलेला, सगळ्यात जाड सी तार सैल पडलेली. दमट हवेत सरस सुटतो, लाकूड फुगतं, हे मी दरवर्षी पालकांना समजावून सांगत होते! तो सांधा कारागिरानं आठवड्यात बसवून दिला. माझ्या डाव्या अंगठ्याच्या कडेचा घट्टा परत यायला मात्र वर्ष लागलं. वरचे सूर काढायला थम्ब पोझिशनमध्ये अंगठा तारेवर ठेवला की डोळ्यांत पाणी यायचं. आणि तेव्हा लक्षात आलं ते त्याहून वाईट होतं. माझी मुलं अंगठा ताठ धरत होती. सगळीच्या सगळी. मी अकरा वर्षं तोंडानं "सैल सोड, सैल सोड" म्हणत होते, पण सैल अंगठा कसा दिसतो हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, कारण दाखवायला माझ्या मांडीशी वाद्यच नव्हतं. त्या मुलांची मी अजून देणेकरी आहे.

तू म्हणशील, हा तुमचा हट्ट झाला. असेल. पण एकटीचा नाही. चेलोवादक यानोश स्टार्कर बघ. मेट्रोपॉलिटन ऑपेरात आणि मग शिकागो सिम्फनीत पहिल्या खुर्चीवर बसलेला माणूस १९५८ मध्ये इंडियाना विद्यापीठात शिकवायला गेला, आणि पुढची कित्येक दशकं जगभर वाजवतही राहिला. शिकवल्याशिवाय मला वाजवता येत नाही आणि वाजवल्याशिवाय शिकवता येत नाही, असं ते सांगायचे. चेलोवादक बर्नार्ड ग्रीनहाउस १९४६ मध्ये फ्रान्समधल्या प्राद गावी थोर चेलोवादक पाब्लो कासाल्सकडे शिकायला गेले. कासाल्स तेव्हा सत्तरीला टेकलेले. त्यांनी बाखचा डी मायनर सुइट ग्रीनहाउसकडून अगदी आपल्यासारखा बसवून घेतला, तेच बोइंग, म्हणजे गज फिरवण्याची रीत, तीच बोटं, कित्येक आठवडे. तो हुबेहूब उतरला त्या दिवशी कासाल्सनी स्वतः चेलो घेतला आणि तोच सुइट वाजवला, सगळी बोटं आणि सगळं बोइंग बदलून. आता बाख आपलं आपण कसं घडवायचं ते तुला कळलं, असा त्याचा अर्थ. हा धडा खडू-फळ्यावर देता येईल? तेरा वर्षांच्या वयात बार्सिलोनाच्या दुकानात ते सुइट हाती लागल्यावर हाच माणूस लोकांसमोर एक वाजवण्याआधी बारा वर्षं त्यांच्याशी झगडला होता. त्या बारा वर्षांत एक दिवसही "नंतर बघू" असं झालं असतं तर प्रादमध्ये दाखवायला काय उरलं असतं?

आणि चेलोवादक जॅकलिन द्यू प्रे? तू हे विचारणारच, तुझ्या भिंतीवर तिचा फोटो आहे. १९७३ मध्ये, अठ्ठावीसाव्या वर्षी, मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जातंतूंच्या आजारानं तिचा हात गेला. बो धरता येईना, तरी ती शिकवत राहिली. म्हणजे वाजवल्याशिवायही शिकवता येतं की. या एका उदाहरणापाशी मी कित्येकदा अडखळले आहे. माझं उत्तर एवढंच : तिच्याकडून ते हिरावून घेतलं गेलं. मी आपण होऊन कपाटामागे ठेवलं. या दोन गोष्टी एका तागडीत घालू नकोस, आणि तुझी धडधाकट बोटं पुढे करून तिचं नाव तर अजिबात घेऊ नकोस.

रागावले असेन तर रागावू दे.

आता कामाचं. शाळेशी बोलताना पगारावर घासाघीस कमी कर, वेळेवर जास्त कर. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रातला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून उभा आहे, वर्षाला दोन सीझन करतो. तिथे परदेशी वादक जास्त असतात हे खरं, पण म्हणून ऑडिशनच द्यायची नाही? त्या आठवड्यांची रजा करारात लिहून घे. शाळा नाही म्हणाली तर दुसरी शाळा बघ. मी तोंडी आश्वासनावरही अडून बसले नाही, ती चूक तू करू नकोस. सकाळचा पहिला तास तुझा. त्यात जुन्या चेलोवादक पॉपरच्या चाळीस अभ्यासांतला एक, मंद, आरशासमोर. हा पॉपरही बुडापेस्टला शिकवणाराच होता, आणि वाजवणारा होता म्हणूनच हाताला कुठे दुखतं ते त्याला ठाऊक होतं. वर्गात स्वतःचा चेलो ने. शाळेचा नको, तुझा. जड होतो, लोकलच्या लगेजच्या डब्यात मासळीच्या पाट्यांशेजारी उभं राहावं लागतं, मला माहीत आहे, मी वीस वर्षं उभी राहिले. ने तरीही. वर्षातून एकदा, वीस माणसांसमोर का होईना, असं काहीतरी वाजव ज्याची तुला भीती वाटते, आणि तुझ्या विद्यार्थ्यांना पहिल्या रांगेत बसव. तू चुकताना त्यांना दिसू दे.

माझ्या घरच्यांना वाटतं मी या वयात अति करते. बोटांचे सांधे दुखतात, डॉक्टर कमी करा म्हणतात. मुलगी म्हणते, आई, आता कुणाला काय सिद्ध करायचंय? सिद्ध काही करायचं नाही. अकरा वर्षांचं मागचं आहे, ते एकेक तासानं फेडते आहे. हे बोलून दाखवलं की घरात सगळे गप्प होतात, म्हणून तुला लिहिते. तू समजून घेशील.

बुधवारी ये, संध्याकाळी सहाला. चेलो घेऊन ये. बारिएर या जुन्या संगीतकाराचा दोन चेलोंचा सोनाटा काढून ठेवते, वरची ओळ तुझी. मी पावणेसहापासून माझं वाजवत असेन. जिन्यावर बसू नकोस, दार नुसतं लोटलेलं असेल. आत येऊन खुर्चीवर बस आणि माझ्या कोपराकडे बघ.

तुझी,
मिस