वाचताना सगळंच बरोबर वाटतं

"मॅडम, नियम पाठ आहेत माझे. पण रन-ऑनचा प्रश्न आला की वाचताना सगळंच बरोबर वाटतं." रन-ऑन म्हणजे दोन पूर्ण इंग्रजी वाक्यं नीट न जोडता एकमेकांना चिकटवण्याची चूक.

बारावीतली मुलगी, सोलापूरच्या पूर्व भागातली. घरी यंत्रमाग, दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता एसएटीची, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेची तयारी. शेजारी बसलेल्या आईचा प्रश्न वेगळाच होता, "हिला इंग्रजी झेपणारच नाही का हो?" ही काळजी घेऊन माझ्याकडे बरेच पालक येतात, म्हणून हा अनुभव लिहिते आहे.

मी परीक्षेच्या ताणाबद्दल बोलणार होते. त्याआधी सरावाचे पेपर मागवले, ते बरं झालं. चुकलेल्या बारापैकी नऊ ठिकाणी एकच गोष्ट होती: दोन पूर्ण वाक्यांच्या मधे नुसता स्वल्पविराम, आणि तोच तिने बरोबर धरलेला.

"पाऊस थांबला, आम्ही निघालो." मराठीत हे कुणालाच खटकत नाही. तिचा कान मराठीत घडलेला, त्यामुळे "द रेन स्टॉप्ड, वी लेफ्ट" हेही त्याला गोडच लागायचं. परीक्षेच्या इंग्रजीत ती चूक धरतात. तिथे पूर्णविराम हवा, अर्धविराम हवा, नाहीतर स्वल्पविरामासोबत अँड, बट, सो यांपैकी एखादा शब्द हवा. वाक्य लांबलं म्हणजे रन-ऑन, हाही तिचा एक गैरसमज. इथे तर पाचच शब्द आहेत!

मी तिला मनात वाचून कानावर ठरवणं बंद करायला सांगितलं. विरामचिन्हावर बोट ठेव. डावीकडचा भाग एकटा उभा राहतो का? कर्ता आहे, क्रियापद आहे? आता उजवीकडचा बघ. दोन्ही उभे राहत असतील तर नुसता स्वल्पविराम चालणार नाही. पण डावीकडे सुरुवातीला "व्हेन" असेल, तर तो भाग एकटा उभा राहत नाही. तिथे स्वल्पविरामच योग्य.

ती बोट ठेवून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "धागा तुटला की पप्पा गाठ मारतात. नुसती टोकं जवळ आणून चालत नाही." मला याहून चांगलं समजावता आलं नसतं. आईच्या चेहऱ्यावरचा ताण तिथेच उतरला.

एसएटीच्या वाचन-लेखन विभागात, जिथे हे प्रश्न येतात, ५४ प्रश्नांना ६४ मिनिटं असतात. कानाला पटेपर्यंत तीनतीनदा वाचत बसायला वेळच नसतो; बोटाची तपासणी काही सेकंदांत होते.

पुढच्या पेपरात अशा दोनच चुका राहिल्या, दोन्ही "हाउएव्हर"च्या. अर्थ "पण"सारखा, म्हणून ती त्याला "बट"सारखं वापरत होती. तो मात्र क्रियाविशेषण आहे, दोन वाक्यं जोडायचं बळ त्याच्यात नाही. त्याच्या आधी अर्धविराम किंवा पूर्णविराम लागतो. गुरुवारी ती पुन्हा आली, तेव्हा तासभर आम्ही तेवढाच एक शब्द घेऊन बसलो.