मागून येणारा घूं-घूं आवाज

प्रश्न : माझ्या जीपला ताशी ५० च्या पुढे मागून घूं-घूं आवाज येतो. मेकॅनिक क्राउन-पिनियन (मागची चाकं फिरवणारी दातेरी गिअरची जोडी) बदलायला सांगतोय. बदलू का? – एक वाचक, वाई

उत्तर : दादा, थांबा! एवढा खर्च करण्याआधी मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवून बघा. डांबरीवरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाज पालटला, तर दोष टायरचा. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा, तर मात्र संशय क्राउन-पिनियनवर किंवा पिनियनच्या बेअरिंगवर. डावीकडे वळताना घरघर वाढत असेल, तर उजव्या चाकाचं बेअरिंग आधी तपासा, कारण वळणावर भार बाहेरच्या चाकावर जातो. माझ्याकडे असे कितीतरी जण घाबरून येतात आणि निम्म्या वेळा बेअरिंगवरच भागतं.

हाउसिंगचं, म्हणजे क्राउन-पिनियन ज्या पेटीत असतं तिचं, ऑईल काढून बोटांवर चोळून बघाच. बारीक राखाडी चिखल चालतो, पण नखाला लागणारे कण म्हणजे दात किंवा बेअरिंग खाल्लंय. ऑईल कमी निघालं तर पिनियनचं सील गळतंय का तेही पाहा. भरताना गाडीच्या पुस्तिकेतलाच ग्रेड घ्या, बहुधा ८०डब्ल्यू-९०. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कृपा करून शिरू नका, स्टँड लावा.